मागची बत्ती

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. सायंकाळचे साडेसात होऊन गेले होते, कर्वे रस्त्यावर नुकतीच एक सर येऊन गेली होती, आणि मी डेक्कनकडून कोथरूडच्या बाजूस आपल्या नेहमीच्या संथ चालीने सायकल हाकीत निघालो असता एक तरुण दुचाकीस्वार माझ्या बरोबरीला आला, त्याने वेग किंचित आवरला आणि 'काका, तुमची मागची बत्ती बंद आहे' एवढे सांगून तो पुढे निघून गेला. घरी येऊन पाहतो तो बत्तीच्या पोटात चमचाभर पाणी साचलेले, सेलांच्या टोकांवर हिरवट किटण चढलेले आणि स्प्रिंग गंजून तांबडी झालेली. ही अवस्था एका सायंकाळच्या पावसाने झालेली नव्हती हे उघड होते; परंतु बत्ती नेमकी केव्हा निमाली, त्या दिवशी की त्याच्या आठ दिवस आधी, आणि आपण प्रकाशित आहोत अशा भ्रमात मी तोपर्यंत किती मैल हिंडलो, ह्याचा शोध लागण्याची कोणतीच सोय नव्हती.

बाजारातून आणलेल्या बहुतेक वस्तू आपले गुणदोष मालकाला आपणहून कळवितात. चप्पल चावते, छत्री गळते, घड्याळ मागे पडते; सायकलीचा पुढचा दिवा मंदावला तर समोरचा खड्डा चुकत नाही आणि मणक्याला तत्काळ वर्दी पोहोचते. मागची बत्ती मात्र मालकाच्या डोळ्याआड, त्याच्या पाठीशी, सर्वस्वी परक्या माणसाच्या डोळ्यांसाठी जळत असते. पैसे एकाने द्यायचे आणि पाहायचे दुसऱ्याने, असा हा व्यवहार आहे. ती निवडताना जी गफलत होते ती बहुधा ह्यामुळेच होते की आपण ती दुकानाच्या काउंटरवर, हातभर अंतरावरून, आपल्याच डोळ्यांनी पारखतो; वास्तविक ती पारखायला हवी शंभर पावलांवरून, अंधारात, मागून येणाऱ्या त्रयस्थाच्या डोळ्यांनी. ह्या दृष्टीने पाहू लागले की पुष्कळशा महाग गुणांची मातब्बरी उरत नाही, आणि काही अगदी सामान्य, स्वस्त गुण मोलाचे ठरतात.

पुणे हे सायकलींचे शहर होते त्या दिवसांत दिवा ही प्रकाशाची नव्हे, कायद्याची बाब समजली जाई. सायकलीवर पालिकेचा कर असे, तो भरल्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलीला अडकवावा लागे, डबलसीट जाणे हा एक गुन्हा आणि दिवेलागणीनंतर विनादिवा जाणे हा दुसरा. आणि चौकातला हवालदार दोन्ही गुन्ह्यांचा दंड वसूल करण्यास सिद्ध. दिवा रॉकेलचा असे तेव्हा 'आत्ताच वाऱ्याने विझला हो' ही सबब सार्वत्रिक होती, आणि तिची खातरजमा करण्यासाठी दिव्याच्या पत्र्याला हात लावून तो ऊन आहे की गार हे पाहणारे चिकित्सक हवालदारही असत, असे जुनी मंडळी सांगतात. पण हा सारा वाद पुढच्या दिव्याचा. मागच्या अंगाला मडगार्डाच्या टोकावर रंगविलेला पांढरा पट्टा आणि त्यावर एक तांबडा काचेरी डोळा, एवढ्यावर भागत असे.

तो पांढरा पट्टा आला कोठून, ह्याची हकीकत मनोरंजक आहे. मद्रासची हर्क्युलिस काय किंवा आसनसोलची सेन-रॅले काय, आपल्याकडच्या सायकली इंग्रजी नमुन्याबरहुकूम घडविलेल्या होत्या, आणि इंग्लंडात १९३० च्या दशकात मागच्या मडगार्डावर असा पट्टा आणि लाल परावर्तक असणे कायद्याने आवश्यक ठरले होते. पेटत्या दिव्याला मात्र तेथील सायकलस्वारांच्या संस्थांचा कसून विरोध होता, आणि तो केवळ चिक्कूपणाचा नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, आपल्या दिव्यांच्या टप्प्यात थांबता येईल इतक्याच वेगाने गाडी हाकणे हा मागून येणाऱ्याचा धर्म. पुढच्याने दिवा लावलाच पाहिजे असे एकदा ठरले की धडक देणाऱ्याचा दोष धडक खाणाऱ्याच्या खाती जमा होईल. दुसऱ्या महायुद्धात ब्लॅकआउटच्या हुकमाने मोटारींचे दिवे झाकले गेले तेव्हा सायकलीला मागचा लाल दिवा सक्तीचा झाला, आणि १९४५ मध्ये ती सक्ती कायम करण्यात आली. न्यायाच्या दृष्टीने त्या संस्थांचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. फक्त त्याचा निवाडा इस्पितळाच्या खाटेवर पडून ऐकण्यापेक्षा दोन-तीनशे रुपये खर्चणे बरे, असे वाटण्याइतका मी म्हातारा झालो आहे.

परावर्तकावर विसंबून का राहू नये, हे थोड्या त्रैराशिकाने समजते. मागून येणारी मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने येत असेल आणि सायकल १५ च्या चालीने जात असेल, तर दोघांमधले अंतर सेकंदाला साडेबारा मीटर ह्या हिशेबाने घटते. मोटारीचा खाली पाडलेला झोत रस्त्यावर चाळीस-पन्नास मीटरपर्यंत नीट पोहोचतो; म्हणजे विनादिव्याचा सायकलस्वार त्या झोतात शिरल्यापासून धडकेपर्यंत चारच सेकंदांचा अवधी, आणि त्यातला सेकंद-दीड सेकंद तर समोर काही आहे हे चालकाच्या ध्यानात येऊन त्याचा पाय हलण्यातच जातो. परावर्तक हा अवधी वाढवतो खरा, परंतु तो परप्रकाशी; ज्याचा एक दिवा फुटला आहे, किंवा जो वळणावरून येतो आहे, किंवा ज्याने दिवे लावलेच नाहीत, त्याच्यापुढे तो मुका. उलट स्वयंप्रकाशी दिवा दोनशे मीटरवरून दिसला तर तोच अवधी सोळा सेकंदांचा होतो, आणि सोळा सेकंदांत बेफिकीर चालकालासुद्धा शहाणे होण्यास वाव मिळतो.

हा दिवा पेटवावयाचा कशाने, हा प्रश्न आमच्या तरुणपणी डायनॅमोने सोडविला होता. टायरच्या कडेला घासून फिरणारी ती बाटलीसारखी डबी ६ व्होल्टांवर सुमारे ३ वॅट वीज देई; त्यातले २.४ वॅट पुढच्या दिव्याच्या वाट्याला आणि उरलेले ०.६ वॅट मागच्या. वाटणीतला हा पक्षपात समजण्यासारखा होता. पण त्यात एक दगा होता. पुढचा बल्ब उडाला की सगळी वीज मागच्या बिचाऱ्या बल्बवर लोटे आणि तोही क्षणार्धात जळून जाई. दुसरा दगा असा की सायकल थांबली की दिवा थांबला. म्हणजे चौकात, वळण्यासाठी पाय टेकून उभे असताना, जेव्हा दिसण्याची गरज सर्वांत अधिक, नेमका तेव्हा अंधार. हल्लीच्या चांगल्या डायनॅमोच्या बत्तीत विजेचा अल्पसा संचय करणारा कपॅसिटर असतो आणि थांबल्यावरही ती काही मिनिटे जळत राहते. जर्मनीत आणि हॉलंडात चाकाच्या हबमध्येच बसविलेले डायनॅमो पुष्कळ चालतात. परंतु ती चैन आपल्या विषयात, म्हणजे बेताच्या किमतीत, बसत नाही.

मागची बत्ती आज स्वस्त झाली आहे ती एलईडीमुळे, आणि ह्यात व्यापाऱ्यांच्या औदार्यापेक्षा पदार्थविज्ञानाचा वाटा मोठा आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत निक होलोन्याक ह्या शास्त्रज्ञाने डोळ्यांना दिसणारा प्रकाश देणारा जो पहिला एलईडी बनविला, तो लालच होता. निळा आणि त्यावर आधारलेला पांढरा साध्य होण्यास पुढे तीस वर्षे लागली. तारेचा बल्ब पांढुरका प्रकाश देतो आणि पुढची तांबडी काच त्यातला बहुतेक भाग गिळून उरलेला आपल्या हाती देते. लाल एलईडी मुळात लालच प्रकाश निर्माण करतो, गिळण्यासारखे काही शिल्लकच नसते. शिवाय पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्टांचा दाब लागतो, तर लालाचे २ व्होल्टांत भागते. दीड-दीड व्होल्टांचे दोन साधे सेल एकापुढे एक ठेवले की ३ व्होल्ट झाले. इतकेच काय, पुन्हा भरता येणारे सव्वा व्होल्टाचे सेल घातले तरी लाल बत्ती सुखाने जळते. दाब चढविणाऱ्या कोणत्याही खटपटीच्या सर्किटाची तिला गरज नाही. पुढच्या दिव्याच्या किमतीच्या पासंगालाही मागच्याची किंमत पुरत नाही ती ह्या कारणाने, आणि म्हणून मागच्या बत्तीसाठी पुढच्याइतके दाम मागणाऱ्यास 'ह्यात अधिक काय आहे?' असे विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला पोहोचतो.

लालच का, ह्याचे जे उत्तर शाळेत दिले जाते, की लाल प्रकाश कमी विखुरतो म्हणून तो धुक्यातून लांबवर जातो, ते मला फारसे पटत नाही. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की त्यांच्यापुढे सर्व रंगांची गत जवळजवळ सारखीच. लाल दिवा उपयोगी पडतो तो संकेतामुळे. पांढरा म्हणजे समोरून येतो आहे, लाल म्हणजे आपल्या पुढे त्याच दिशेने चालला आहे, हा अर्थ चालकाच्या मनात इतका मुरलेला असतो की तो विचार न करता पाय आवरतो. म्हणून मागे पांढरी, हिरवी, निळी किंवा जत्रेतल्या पाळण्यासारखी बहुरंगी बत्ती लावणे म्हणजे स्पष्ट अक्षरात खोटा मजकूर लिहिणे होय.

आता तेजाविषयी. खोक्यावर ल्यूमेनचा आकडा ठळक छापलेला असतो, आणि गिऱ्हाईक दहापेक्षा वीस चांगले आणि वीसपेक्षा शंभर चांगले ह्या न्यायाने चालते. ल्यूमेन हे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकंदर प्रकाशाचे माप आहे. तो कोणत्या दिशेस किती जातो हे त्यातून मुळीच कळत नाही. दिशेने मोजलेल्या तेजाचे माप कँडेला, आणि एका मेणबत्तीचे तेज म्हणजे ढोबळ मानाने एक कँडेला. दहा ल्यूमेन प्रकाश मागच्या सबंध अर्धगोलात पसरू दिला तर कोठूनही पाहा, दीडएक कँडेला भरतो; तोच प्रकाश भिंगाने ३० अंशांच्या शंकूत कोंबला तर शंकूच्या आत सुमारे ४५ कँडेला आणि बाहेर जवळजवळ शून्य. मोटारीच्या मागच्या दिव्याला युरोपातील नियमांनी ठरवून दिलेली किमान मर्यादा ४ कँडेलांची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे खोक्यावरच्या शंभराचा धाक उरत नाही. साध्या लाल एलईडीला बरे भिंग असेल आणि तो सरळ मागे रोखलेला असेल, तर दहा-वीस ल्यूमेनांत रात्रीचे काम निभावते. भर दिवसा उन्हातही बत्ती दिसावी असा ज्यांचा हट्ट आहे, त्यांनीच मोठ्या आकड्यांच्या मागे लागावे.

काळोखात प्रकाशाला किती थोडके तेज पुरते ह्याची साक्ष समुद्र देतो. जहाजांच्या दिव्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटरवरून दिसण्यासाठी ०.९ कँडेला पुरे मानले आहेत. एका मेणबत्तीपेक्षा किंचित कमीच! तेव्हा ताम्हिणी घाटाच्या किर्र अंधारात दीडशे रुपयांची बत्तीही मैलभरावरून शुक्राच्या चांदणीसारखी दिसेल. तीच जंगली महाराज रस्त्यावर, दुकानांच्या पाट्या, मोटारींचे ब्रेकचे तांबडे दिवे आणि ओल्या डांबरावर पडलेली त्या सर्वांची प्रतिबिंबे ह्यांच्या गर्दीत हरवून जाते. म्हणजे शहरातल्याला खेडेगावातल्यापेक्षा तेज अधिक हवे, हे प्रथमदर्शनी उलटे वाटणारे पण खरे आहे. मात्र त्यातही अतिरेक नको; नाकासमोर धरल्यास डोळे दिपविणारी बत्ती मागून येणाऱ्या दुसऱ्या सायकलस्वाराला आंधळा करते.

खरा खर्च बत्तीचा नसतो, तिच्या पोटापाण्याचा असतो. बाजारात सर्वांत स्वस्त मिळते ती रबरी गोळ्यासारखी बत्ती, जिच्यात बटणासारख्या चपट्या दोन बॅटऱ्या असतात. ह्या बॅटरीचा क्रमांक २०३२. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, एवढाच त्या गूढ आकड्याचा अर्थ. तिच्यात सुमारे २२० मिलिअँपिअर-तास इतकी शक्ती असते. पण ती मुळात घड्याळासारख्या मिताहारी यंत्रासाठी बनविलेली, आणि दिव्याच्या खादाडपणापुढे ती तेवढीही देऊ शकत नाही. काही सायंकाळींतच बत्ती निस्तेज होते, आणि नव्या दोन बॅटऱ्यांची किंमत बत्तीच्या किमतीच्या आसपास जाते. मूळ किंमत पाहून जी खरेदी शहाणपणाची वाटली ती वर्षाअखेर हिशेबाची वही उघडल्यावर सर्वांत महाग पडते.

रिमोटमध्ये घालतात त्या बारीक सेलांवर चालणारी बत्ती ह्याहून किती तरी किफायतशीर. असा अल्कलाइन सेल सुमारे हजार मिलिअँपिअर-तासांचा असतो. बत्ती ४० मिलिअँपिअर खाते असे धरले तर एक जोडी पंचवीस तास पुरते. रोज पाऊण तास अंधारात जाणाऱ्या नोकरदाराचा महिना साधारण एकोणीस तासांचा. तेव्हा वर्षाला नऊ-दहा जोड्या लागतील, आणि जोडीला पन्नास रुपये धरले तर दोनशेच्या बत्तीवर पाचशेचा वार्षिक रतीब बसेल. पुन्हा भरता येणाऱ्या निकेलच्या दोन जोड्या आणि एक साधा चार्जर ह्यांत एकदाच पैसे घातले, तर तो खर्च वर्ष-दोन वर्षांत वसूल होऊन पुढे बत्ती जवळजवळ फुकट जळते, कारण हे सेल काहीशे वेळा भरता येतात. एक जोडी बत्तीत आणि दुसरी भरून सीटखालच्या पिशवीत, ही व्यवस्था मला आजवरच्या सर्व व्यवस्थांत निर्वेध वाटली आहे. वाटेत बत्ती गेलीच तर कोणत्याही वाणसामानाच्या दुकानात साधे सेल मिळतात, ही तिची आणखी एक जमेची बाजू.

तिसरा प्रकार मोबाईलच्या वायरने चार्ज होणाऱ्या बत्त्यांचा. ह्या हलक्या, तेजस्वी आणि दिसायला नेटक्या असतात, त्यांत सेलांची कटकट नसते, आणि हल्ली तीन-चारशे रुपयांत बऱ्यापैकी मिळतात. ह्यांच्याविरुद्ध माझ्या तक्रारी दोनच. एक तर आतली लिथियमची बॅटरी काहीशे चार्जांनंतर क्षीण होते आणि स्वस्त बत्तीत ती बदलण्याची मुभा नसते, म्हणजे दिवा शाबूत असता सबंध बत्ती टाकून द्यावी लागते. दुसरी तक्रार अधिक गंभीर: साध्या सेलांची बत्ती हळूहळू, दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी मंदावत जाते, ती काढताना-घालताना ध्यानात येते, लिथियमची बत्ती शेवटपर्यंत सारख्या तेजाने जळून अकस्मात मिटते. जी वस्तू आपल्याला दिसतच नाही ती न कळविता मिटावी, हा गुण कसा म्हणावा? म्हणून अशी बत्ती घ्यावयाची तर बॅटरी उतरू लागल्याची खूण दाखविणारा बारीकसा दिवा तिच्या बटणाशी आहे की नाही, हे आधी पाहावे, आणि चार्जिंगचा वार ठरवून टाकावा. माझ्या एका स्नेह्यांनी तो शनिवार ठरविला आहे, मारुतीच्या दर्शनाबरोबर.

आपल्या पावसाळ्यात मात्र सेल, चार्ज, ल्यूमेन ह्या सगळ्यांवर पाणी फिरू शकते. खोक्यावर आयपीएक्स ह्या अक्षरांपुढे जो अंक असतो तो पाण्याला तोंड देण्याच्या कुवतीचा. ४ म्हणजे चोहोंकडून उडणारे शिंतोडे सोसणारी, ६ म्हणजे जोराचा फवारा सोसणारी, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली तरी आत पाणी न शिरणारी. चार हा अंक येथे किमान समजावा. पाऊस वरून पडतो तेवढाच असता तर गोष्ट वेगळी. मागच्या चाकाला मडगार्ड नसेल तर ते रस्त्यावरचे चिखलपाणी उचलून बत्तीवर खालून अखंड मारा करते, आणि स्वस्त बत्तीची सांध हमखास खालच्याच अंगाला असते. झाकणाच्या कडेच्या रबरी रिंगेला व्हॅसलिनचे बोट फिरविणे, जुन्या ट्यूबचा एक रुंद वेढा कापून सांधेवर चढविणे, पावसाळ्याच्या चार महिन्यांत आठवड्यातून एकदा पोट उघडून वारा देणे आणि किटण दिसताच ते पॉलिश पेपरने घासून काढणे, हे सगळे मी श्रावणातल्या त्या प्रसंगानंतर शिकलो. चिखलाने माखलेली काच रुमालाने पुसणे ही तर रोजचीच बाब.

बत्ती कोठे लावावी हा प्रश्न दिसतो त्याहून नाजूक आहे. परदेशी चित्रांत ती सीटखालच्या दांड्यावर असते. आपल्या सायकलीच्या कॅरिअरवर डबा, भाजीची पिशवी, एखादे वेळी नातू, आणि पावसात स्वाराच्या रेनकोटची लोंबती शेपटी, एवढ्या साऱ्यांच्या आड ती बत्ती कोणाला दिसणार? म्हणून कॅरिअर असेल तर बत्ती कॅरिअरच्या मागच्या टोकाला स्क्रूने पक्की करावी. सीटचा दांडा वस्तुतः मागे कललेला असतो, त्यावर सरळ चिकटविलेली बत्ती बहुधा रस्त्याकडे खाली रोखून पाहते. आणि मघाच्या तीस अंशांच्या शंकूचा हिशेब आठवला तर ध्यानात येईल की, पंधरा अंशांनी मान खाली घातलेली बत्ती मागच्या मोटारवाल्याच्या दृष्टीने बत्तीच नव्हे. सोबत मिळणारा रबरी पट्टा उन्हात वर्षभरात तडकतो. त्याच्या जागी पुन्हा ती जुनी ट्यूबच कामास येते. स्क्रूने बसविलेली बत्ती स्टँडवरून चोरीस जाण्याचा संभवही कमी. चोराला पान्यासाठी थांबण्याची सवड नसते.

लुकलुकणारी बरी की स्थिर, ह्या वादात देशोदेशींच्या कायद्यांचे एकमत नाही. जर्मनीत सायकलीला लुकलुकणारा दिवा वर्ज्य आहे. इंग्लंडात २००५ मध्ये त्याला मान्यता मिळाली, तीही मिनिटाला ६० ते २४० वेळा अशा मर्यादेत. लुकलुकणे लक्ष वेधते ह्यात शंका नाही. पण दोन चमकांमधल्या काळोखात दिव्याचे अंतर आणि गती ह्यांचा अंदाज डोळ्याला नीटसा घेता येत नाही. डेन्मार्कमधील ओडेन्स शहरात सुमारे ३,८०० सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला. त्यांतील जवळजवळ अर्ध्यांच्या सायकलींना चाकाच्या आऱ्यांवरील लोहचुंबकाने, सेलाशिवाय, रात्रंदिवस चमकणारे दिवे वर्षभर बसविले होते, आणि त्यांच्यात इजा झालेल्या अपघातांचे प्रमाण इतरांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी आढळले. अपघातांची नोंद स्वारांनी स्वतःच केलेली असल्यामुळे हा आकडा मी तंतोतंत धरीत नाही. पण त्यातली एक गोष्ट मला फार उद्बोधक वाटते, ती ही की तो दिवा लावण्याचे विसरणे शक्यच नव्हते.

लेझरच्या दोन तांबड्या रेघा रस्त्यावर आखणाऱ्या बत्त्यांविषयी न लिहिलेलेच बरे. त्या काउंटरवर फार शोभतात आणि ओल्या डांबरावर दिसेनाशा होतात. त्यापेक्षा रेडियमची पट्टी घ्यावी. कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या हंगामात बैलगाड्यांना आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना ही पट्टी चिकटविलेली दिसते. हिच्यात रेडियमचा अंशही नसतो. अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळांच्या तबकडीला रेडियमचा लेप असे, त्यावरून लोकांनी हे नाव उचलले. आत असतात ते काचेचे बारीक मणी किंवा घनाच्या कोपऱ्यासारखे सूक्ष्म लोलक, जे प्रकाशाला आल्या वाटेने परत पाठवितात; यॉर्कशरच्या पर्सी शॉ ह्यांनी १९३४ च्या सुमारास रस्त्यात बसविण्याचे जे मांजरडोळे शोधले त्यांची ही चुलत भावंडे. पंचवीस-तीस रुपयांची पट्टी पेडलच्या कडांना किंवा पायाच्या घोट्याला लावली की ती पायाबरोबर वरखाली होते, आणि ती हालचाल पाहताच तेथे माणूस आहे, खांब नव्हे, हे मागच्याला तत्क्षणी उमगते.

ह्या सर्व विचाराअंती मी एका महाग बत्तीऐवजी दोन स्वस्त बत्त्या घेण्याचे ठरविले: एक कॅरिअरला स्क्रूने जखडलेली, सेलांची, स्थिर जळणारी, दुसरी पाठीवरच्या पिशवीला अडकविलेली, चार्ज होणारी, लुकलुकणारी. दोन्ही एकाच रात्री दगा देतील हा योग विरळा. दुकानदाराने पाच-सहा नमुने काउंटरवर मांडले आणि प्रत्येकाचे बटण दाबून दाखविले. मी त्यांना म्हटले, हे असे कळायचे नाही. तुमचा मुलगा ह्या बत्त्या घेऊन गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहील का? ते माझ्याकडे क्षणभर पाहत राहिले, मग हसले आणि त्यांनी मुलाला हाक मारली. दिवेलागण होऊन गेली होती. मुलगा शंभर पावलांवर जाऊन एकेक बत्ती धरू लागला, सरळ आणि मग माझ्या सांगण्यावरून जराशी तिरपी. नऊशे रुपयांची बत्ती तिरपी होताच दिसेनाशी झाली. सव्वादोनशेची, फुगीर भिंगाची, तिरपी केली तरी दिसत राहिली. तेवढ्यात दोघांच्या मधून एक रिक्षा गेली, तिच्या धुरापलीकडून तो लाल ठिपका पुन्हा उगवला, आणि टोकावरून मुलाने ओरडून विचारले, "काका, दिसतंय का अजून?"